गुडघा दुखतो म्हणे

४ एप्रिल

आजपासून रोज लिहायचं ठरवलं आहे. भावजी म्हणाले, मोठ्या पदावरच्या माणसानं लिहून ठेवावं, पुढे आत्मचरित्राला बरं पडतं. पद कालच मिळालं. आमच्या बास्केटबॉल संघाचा 'खेळाडू निवड प्रमुख'. परवापर्यंत मी भावजींच्या गादी कारखान्यात विक्री बघत होतो. "तुम्हाला बास्केटबॉलमधलं काय कळतं?" असं बायकोनं विचारलं. मी म्हटलं, भावजींना तरी काय कळतं? त्यांनी तर अख्खा संघ विकत घेतला. यावर ती हसली नाही. ती शाळेत भाषा शिकवते, तिथे हसायची सवय मोडते.

आमचा संघ मुलींचा, रंग निळा, कारण कारखान्यात निळं कापड उरलं होतं. लीगमध्ये एकूण आठ संघ. दर वर्षी मे महिन्यात ड्राफ्ट होतो. म्हणजे लीगमध्ये नव्यानं येऊ पाहणाऱ्या मुली एका सभागृहात बसतात आणि संघ पाळीपाळीनं त्यांना उचलतात. जो संघ सगळ्यात खाली, त्याला पहिला मान. कल्पना अशी, की दुबळ्याला बळ मिळावं. परिणाम असा, की हंगामाच्या शेवटी खालचे दोन संघ हरण्यासाठी जिवाचं रान करतात.

आमचा शेवटचा सामना पिवळ्यांशी होता. दोघांनाही हरायचं होतं. सगळं छान चाललं होतं, पण वेळ संपता संपता आमच्या एका राखीव मुलीनं चेंडू आपल्याजवळ नको म्हणून लांब भिरकावला आणि तो थेट बास्केटमध्ये पडला. आम्ही जिंकलो. मुली एकमेकींचं सांत्वन करत होत्या. भावजी दोन दिवस धड जेवले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या निवड प्रमुखाला काढून मला नेमलं. आता पिवळे पहिले उचलणार, आम्ही दुसरे.

८ एप्रिल

आज प्रशिक्षक बाईंबरोबर कॉलेजच्या स्पर्धा बघायला गेलो. बाई पूर्वी देशाकडून खेळलेल्या. आवाज असा, की समोरच्या बाजूचे प्रेक्षकसुद्धा सरळ बसतात. मी वही-पेन काढून एकेकीची उंची लिहायला लागलो, तर म्हणाल्या, "ते ठेवा. फक्त तिच्याकडे बघा."

ती म्हणजे शिडी. सगळे तिला शिडीच म्हणतात, तीही फोन उचलून 'शिडी बोलतेय' म्हणते. उंच तर आहेच, पण नवल ते नाही. चेंडू तिच्या हातात थांबतच नाही. आला न आला, तोच जिच्यासमोर कोणी नाही त्या मुलीच्या हातात पोचलेला असतो. आपल्यासमोर कोणी नाही हे त्या मुलीलाही तेव्हाच कळतं. आणि कोणाला धक्का लागला, की खेळता खेळता 'सॉरी गं' म्हणते. मला खरंच भरून आलं. बारा वर्षं गाद्या विकल्या, पण असं कधी झालं नव्हतं.

बाई म्हणाल्या, "ही मिळाली नाही तर मी राजीनामा देणार. तुमचं तुम्ही बघा."

सामन्यानंतर शिडीला भेटलो. तिची आई शिवणकाम करते. मुलीच्या मापाचं तयार काही मिळत नाही म्हणून सगळं तीच शिवते. शिडीनं सांगितलं, की पाणीपुरवठा खात्यात खेळाडूंसाठी राखून ठेवलेल्या जागेवर तिला नोकरी आली आहे, महिनाअखेरीपर्यंत हो-नाही कळवायचं आहे. तिथे गेलं तर लीग नाही, कारण खात्याच्याच संघाकडून खेळावं लागतं. "तुम्ही घेणार असाल तर मी नाही कळवते, काका," म्हणाली. काका म्हणाली म्हणून असेल किंवा आई पदर सावरून उभी होती म्हणून असेल, माझ्या तोंडून निघून गेलं, "तू आमचीच."

घरी येताना ध्यानात आलं, की आपला नंबर दुसरा आहे.

१३ एप्रिल

आजचा दिवस आत्मचरित्रात स्वतंत्र प्रकरण म्हणून येईल.

लीगची बैठक होती. जेवणाच्या सुट्टीत पिवळ्यांचा निवड प्रमुख माझ्या शेजारी येऊन बसला. त्याला सगळे गोडबोल्या म्हणतात. त्यानं माझ्या नव्या पदाचं, शर्टाचं आणि चपलांचं कौतुक केलं आणि मग हळूच विचारलं, "शिडी कशी वाटली?"

मी घाई केली नाही. सूप ढवळलं. एक उसासा टाकला. म्हटलं, "पोरगी गुणी आहे हो. पण गुडघा दुखतो म्हणे."

त्याचा चमचा अर्ध्यावरच थांबला. मी लगेच उकाड्याचा विषय काढला. शेजारच्या दुकानातली गादी वर्षभरात बसते, हे गिऱ्हाइकाला असंच सांगायचं असतं. आपण म्हणायचं नाही. लोक म्हणतात, असं म्हणायचं.

संध्याकाळी फुशारकी मारायला म्हणून बायकोला सांगितलं. ती उत्तरपत्रिका तपासत होती.

"कोणाचा गुडघा दुखतो?"

"कोणाचाच नाही."

"मग खोटं बोललात."

"खोटं कसं? 'म्हणे' लावलं की मी शेवटी!"

"'म्हणे' हे क्रियापद आहे. त्याला कर्ता लागतो. कोण म्हणे?"

मास्तरणीशी लग्न केल्यावर माणसानं घरात फार बोलू नये.

१६ एप्रिल

दाढी करायला गेलो होतो. न्हाव्यानं वस्तरा गळ्याशी ठेवून विचारलं, "साहेब, त्या शिडीचा गुडघा गेला, ऐकलंत का?" मी मान हलवू शकत नव्हतो. पण मनातून इतका आनंद झाला, की त्याला वर दहा रुपये दिले. तीन दिवसांत गोडबोल्यापासून न्हाव्यापर्यंत! वाटेत 'म्हणे' कुठेतरी गळून पडलं, पण ते व्हायचंच.

१९ एप्रिल

पेपरात आलं. 'उगवत्या खेळाडूच्या गुडघ्याची वाटी सरकलेली?' प्रश्नचिन्ह होतं, पण लहान टायपात. दुपारी टीव्हीवर एक हाडांचे डॉक्टर वाटी म्हणजे काय ते चक्क स्वयंपाकघरातली वाटी हातात धरून समजावत होते. मुलीला तपासलंत का, असं निवेदकानं विचारलं, तर म्हणाले, "तपासायची गरज नाही, लक्षणं स्पष्ट आहेत."

बाई कार्यालयात येऊन आदळआपट करून गेल्या. "हे कोणी केलं ते मला कळू दे, त्याच्या दोन्ही वाट्या सरकवते." त्यांना सांगणार होतो, की ही आपलीच खेळी आहे, तुमच्याच भल्यासाठी. पण त्यांचा सूर बघता ड्राफ्टनंतर सांगितलेलं बरं.

मीच टाकलेली ठिणगी अशी पेटलेली बघून जरा भीतीही वाटली, खोटं कशाला बोलू. पण गोडबोल्याचा फोन आला. "तुम्ही वेळेवर सावध केलंत, उपकार झाले," म्हणाला. म्हणजे पिवळे आता तिला घेत नाहीत. शिडी आमची झाल्यातच जमा.

२२ एप्रिल

आज भावजींकडे बोलावणं होतं. ताई सोफ्यावर पाय लांब करून, गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी घेऊन बसली होती. मला बघताच म्हणाली, "त्या पोरीला घेऊ नका रे. गुडघ्याचं दुखणं काय असतं ते मला विचार."

भावजींनी पेपर पुढे केला. "हे काय आहे?"

मी हसलो. "भावजी, काही नाही हो. ती पुडी मीच सोडली आहे. पिवळ्यांनी तिला टाळावं म्हणून."

"कधी सोडलीस?"

"तेरा तारखेला."

"आणि पेपरात कधी आलं?"

"एकोणीसला."

भावजी उठून उभे राहिले. "म्हणजे पेपरवाल्यांच्या आधी तुला कळलं होतं!"

"कळलं नव्हतं. मी मनानं रचलं."

"मग गुडघाच का? मान का नाही? पाठ का नाही?"

"सहज सुचलं."

"तेच म्हणतोय मी! सुचलं म्हणजे आतून जाणवलं. अरे, नुसता हात फिरवून गादीतली कुठली स्प्रिंग बसली आहे ते तू सांगायचास. नजर आहे तुला. मी उगाच नेमलं नाही."

"लहानपणापासून आहे," ताई म्हणाली. "समोरच्यांच्या कुत्र्याचा पाय मोडणार, हे यानंच आधी सांगितलं होतं." (त्या कुत्र्याच्या पायावर सायकल मीच घातली होती. पण ते आता कोणाला आठवतं आहे.)

मी आणखी एकदा सांगून बघितलं, की गुडघ्याला काही झालेलं नाही. भावजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पोरीची दया येते तुला. चांगला आहेस. पण धंद्यात दया नको." डॉक्टर सांगतो, पेपर सांगतो, न्हावी सांगतो आणि आता त्यांना हेही कळलं, की मी तर सगळ्यांच्या आधी सांगितलं होतं. आपलीच बातमी खरी नाही हे पटवायला माझ्याकडे साक्षीदार कोण? मीच. आणि मी तर खोटारडा ठरणार.

हरभऱ्याच्या झाडावर चढवत आहेत, हे कळत होतं. पण वर हवा बरी होती. आयुष्यात पहिल्यांदाच कोणी म्हणालं, की मला नजर आहे.

२४ एप्रिल

एक विचार सारखा मनात येतो आहे, लिहून ठेवतो. खरंच, गुडघाच का सुचला? कुठेतरी काहीतरी दिसलं असणार. त्या दिवशी सामन्यात ती एकदा उडी मारून खाली आली, तेव्हा जराशी थांबली होती. बायकोला विचारलं, असं होऊ शकतं का? ती म्हणाली, "ती कोणाला तरी सॉरी म्हणायला थांबली असेल."

२८ एप्रिल

लीगनं वैद्यकीय तपासणी ठेवली होती. खोलीला काचेची खिडकी होती. आत शिडी बाकावर बसलेली, डॉक्टर तिच्या गुडघ्यावर छोट्या हातोडीनं टकटक करताहेत, आणि बाहेर आठ संघांचे आठ प्रमुख काचेला नाकं लावून उभे. तिला चालायला लावलं, बसायला लावलं, टेबलावरून उडी मारायला लावली. तिनं सगळं केलं. शेवटी डॉक्टरांनी दोन ओळी लिहून बाहेर चिकटवल्या. 'सध्या कोणताही दोष आढळला नाही.'

बाईंनी टाळी वाजवली. भावजींनी चष्मा लावून पुन्हा वाचलं. "सध्या?" ते म्हणाले. "म्हणजे पुढे आढळणार." बाकीच्या संघांचे लोक माना डोलावून तेच म्हणत होते. डॉक्टर बिचारे सगळ्यांच्याच कागदावर 'सध्या' लिहितात. पण बाकीच्यांचे कागद वाचले कोणी?

नंतर शिडी मला जिन्यात भेटली. बरोबर आई होती. बारीक झाली आहे पोरगी. म्हणाली, "काका, हे कोणी पसरवलं असेल?"

"खेळात राजकारण फार असतं," मी म्हटलं.

"तुमच्या एवढ्या ओळखी आहेत. शोधून काढाल?"

"बघतो."

"सगळे माझ्या तोंडाकडे बघतच नाहीत आता. बोलतानाही खालीच बघतात." ती हसायचा प्रयत्न करत होती. मग म्हणाली, "नोकरीचं परवापर्यंत कळवायचं आहे. आई म्हणते हो म्हणून टाक. तुम्ही सांगा."

हो म्हण, बाळा, हे अगदी ओठांवर आलं होतं. भावजींचं काही खरं नाही हे मला माहीत होतं. पण हो म्हण म्हटलं असतं तर ती 'का' विचारणार. आणि तिची आई माझ्याकडे अशी बघत होती, जशी माणसं ऑपरेशनच्या खोलीतून बाहेर आलेल्या डॉक्टरकडे बघतात. माझ्याकडे असं कोणी कधी बघितलेलं नाही. मी म्हटलं, "आमचा शब्द आहे."

आईनं हात जोडले. रात्री घरी हे सांगितलं, जेवण मात्र गेलं नाही.

"शब्द कोणाचा?" बायकोनं विचारलं. "भावजींचा की तुमचा?"

"आमचा."

"आमचा म्हणजे कोणाचाच नाही," ती म्हणाली आणि दिवा मालवला.

२ मे

भावजींना भेटून सगळं नीट सांगायचं म्हणून गेलो होतो. ते गादीच्या नव्या जाहिरातीचे फोटो बघत होते. ड्राफ्टला येणाऱ्या मुलींपैकी एकीचं हसू त्यांना फार आवडलं आहे. "बघ, नुकतीच झोपून उठल्यासारखी प्रसन्न दिसते," म्हणाले. खेळते कशी, ते मी विचारलं. "ते तू बघ, तुझं खातं आहे," म्हणाले. गुडघ्याचा विषय राहूनच गेला.

अजून तीन दिवस आहेत. ऐन वेळी बाई आहेतच. मी एकटा का म्हणून जिवाला घोर लावून घेऊ?

५ मे

ड्राफ्ट झाला.

सभागृह खच्चून भरलं होतं. आठ गोल टेबलं, प्रत्येकावर फुलं आणि पाण्याच्या बाटल्या. समोर मोठा पडदा, त्यावर घड्याळ. प्रत्येक संघाला विचार करायला तीन मिनिटं. मागच्या रांगांत मुली आणि त्यांच्या घरचे. कोण आपल्याला घेणार हे कोणालाच माहीत नसतं, म्हणून सगळ्या मुली काळ्या-पांढऱ्या कपड्यांत आलेल्या. शिडीच्या अंगात मात्र निळा कोट होता. नवा कोरा, आईनं शिवलेला. आमचा निळा. मी एकदा बघितलं आणि पटकन मान वळवली.

पिवळ्यांचं नाव पुकारलं. गोडबोल्या उठला, माइक हातात घेतला आणि त्यानं भलत्याच एका मुलीचं नाव सांगितलं. सभागृहात कुजबुज झाली. शिडीला सोडली! माझी खेळी फळाला आली होती. मी टेबलाखाली मूठ आवळली. क्षणभर वाटलं, आता सगळं आपोआप नीट होईल. पद राहील, शब्द राहील, शिडी मिळेल. गोडबोल्या जागेवर परत जाताना माझ्याकडे बघून डोळा मिचकावून गेला.

घड्याळ सुरू झालं. बाई अर्ध्या उभ्या राहिल्या होत्या. "चला, नाव सांगा. एवढं नशीब परत उघडायचं नाही."

भावजींनी हात वर करून त्यांना थांबवलं. माझ्याकडे वळले. "तू सांग. गुडघ्याचं खरं आहे की नाही? तू म्हणशील ते."

"अहो, डॉक्टरांनी लिहून दिलं आहे!" बाई म्हणाल्या.

"डॉक्टरला आजचं कळतं. याला पुढचं कळतं."

टेबलाशी आम्ही तिघंच होतो. माइक बंद होता. नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण नाही म्हटलं, की पुढचा प्रश्न आलाच: मग तेरा तारखेला काय केलंस? बाईंसमोर. आणि भावजी माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होते, ती नजर परत कधी दिसली नसती. परत विक्री विभाग. परत गाद्यांवर बसून उड्या मारून दाखवणं.

मी म्हणालो, "अगदीच खरं नाही, असं काही म्हणता येणार नाही."

'नाही' हा शब्द मी उच्चारला, दोनदा उच्चारला, हे इथे नमूद करून ठेवतो. वाक्य कुठे गेलं त्याला माझा इलाज नव्हता.

भावजींनी माइक घेतला आणि झोपून उठल्यासारखं हसणाऱ्या मुलीचं नाव घेतलं. ती हसली. खरंच हसू चांगलं आहे.

बाई माझ्याजवळ आल्या. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्तच लागलं. "लोक म्हणतात, अक्कल गुडघ्यात असते. तुमचा तोच गुडघा गेलेला आहे." गळ्यातलं ओळखपत्र काढून फुलदाणीत टाकलं आणि निघून गेल्या.

मला वाटलं, तिसरा संघ तिला घेईल. त्यांनी सोडली. चौथ्यानंही सोडली. पहिल्या तिघांनी सोडली म्हणजे काहीतरी असणारच, असं चौथा म्हणत होता, आणि चौघांनी सोडली म्हणजे नक्कीच, असं पाचवा. दुसरी फेरी झाली. हरण्याच्या सामन्यात चेंडू भिरकावणारीची धाकटी बहीणसुद्धा गेली. दर नावाला टाळ्या पडत होत्या. शिडी प्रत्येकीसाठी टाळ्या वाजवत होती, लांब हात पुढे करून. शेवटचं नाव झालं, कामगार खुर्च्या एकात एक ठेवू लागले, तरी त्या दोघी बसूनच होत्या. आई वाकून तिच्या कोटाच्या बाहीवरचा एक दोरा काढत होती.

मी मागच्या दारानं बाहेर पडलो. लाज वाटली. बायकोला सांगणार होतो, पण तिनं दिवा मालवलेला होता.

६ मे

सकाळी पेपरात भावजींची मुलाखत. 'गुडघ्याचा दोष डॉक्टरांच्याही आधी ओळखणारे आमचे निवड प्रमुख.' माझा फोटो आहे, जुना, कारखान्यातला, मागे गाद्या. भावजींनी मला उपाध्यक्ष केलं. ताईनं केक आणला. गोडबोल्याचा फोन आला, "वाचलो हो आपण सगळे!" सकाळी जरा कसंनुसं होत होतं, पण केक खाल्ल्यावर बरं वाटलं. सोळाच्या सोळा वेळा तिला सोडली. इतके सगळे शहाणे लोक एकदम चुकतील का?

११ मे

आज शिडी कार्यालयात आली.

शिपायानं नाव सांगितलं तेव्हा मी खुर्चीतून उठूनच उभा राहिलो. म्हटलं, कळलं वाटतं हिला. ओरडेल, रडेल, आई बरोबर असेल. पण एकटीच होती. माझ्या खोलीतल्या खुर्च्या तिला ठेंगण्या पडतात, म्हणून कोपऱ्यातल्या नमुन्याच्या गाद्यांच्या चळतीवर बसली. मी चहा मागवला. तिनं घेतला नाही.

"पेपरात वाचलं," ती म्हणाली. "सगळ्यात आधी तुम्हीच ओळखलंत."

मी टेबलावरचा पेपर घडी करून खणात टाकला.

"तेव्हाच मला सांगायला हवं होतं, काका. मी नोकरीला हो म्हटलं असतं." रागावून नाही, हळूच म्हणाली. "आता ती जागा भरली. काल विचारून आले."

मी म्हटलं, पुढच्या वर्षी परत ड्राफ्ट आहे. पुढच्या वर्षी माझा पूर्ण पाठिंबा राहील. ती मान हलवत होती, पण ऐकत नव्हती.

"मला स्वतःला काही जाणवत नाही," ती म्हणाली. "रोज बघते मी. खाली बसून, उठून, जिना चढून. आई तेल लावून दाबून बघते. काही नाही. पण एवढ्या सगळ्यांना दिसतं, म्हणजे असणारच. आपलं आपल्याला कळत नसेल, नाही का?"

"असं होतं कधी कधी," मी म्हटलं.

"म्हणून आले. आई गुडघ्याला बांधायला पट्टा शिवून देणार आहे. माप घ्यायला बसली आणि मला विचारलं, कुठल्या पायाचं घेऊ? मला सांगताच आलं नाही. पेपरातही नाही, टीव्हीवरही कोणी सांगितलं नाही." तिनं दोन्ही पाय पुढे लांब केले, माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला दिसलं होतं ना? कुठला?"

खरं सांगायला याहून चांगली वेळ मिळाली नसती. खोलीत आम्ही दोघंच होतो, दार लोटलेलं होतं. मी तिच्या गुडघ्यांकडे बघितलं. दोन्ही सारखेच दिसत होते. पण ती मला जाब विचारत नव्हती, माझ्यावर विश्वास ठेवून बसली होती. अशा माणसाला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं?

"डावा," मी म्हणालो.

तिनं डाव्या गुडघ्यावर हात ठेवला. अंगठ्यानं दाबलं, सोडलं, परत दाबलं. बराच वेळ बघत राहिली.

"हो," ती म्हणाली. "जरासं आहे खरं."

मग उठली, थँक यू काका म्हणाली आणि गेली. मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. जिना उतरून ती रस्त्यावर आली, कोपऱ्यापर्यंत चालत गेली. डावा पाय जपून टाकत होती. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

म्हणजे होतंच काहीतरी.